ब्लॉकमधला गंज: आधी गाळ हाताने काढा, ॲसिडचं नंतर बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची प्रीमियर पद्मिनी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून इंजिन उतरवलं, हेड (सिलिंडरांवरचं झाकण) काढलं, तर ब्लॉकच्या, म्हणजे सिलिंडर असलेल्या ओतीव लोखंडी भागाच्या, पाण्याच्या भोकांत तांबडा चिखल गच्च भरलेला. बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, फारसा झिजलेला नाही, क्रँकही ठीक आहे. एका मेकॅनिकने सांगितलं, बाथरूमचं ॲसिड ओता, तासाभरात लख्ख होईल. दुसरा म्हणाला, काही करू नका, इंजिन बांधा, कूलंट टाका, चालता चालता साफ होतं. कोणाचं ऐकायचं, आणि मुलुंडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम जमेल का?

दोघांचंही ऐकू नका. काम पार्किंगमध्ये जमेल, पण घाईने जमणार नाही. आणि जोपर्यंत ब्लॉकच्या बाजूचे कोर प्लग (ठोकून बसवलेली पत्र्याची झाकणं) काढून आतला गाळ हाताने खरवडून बाहेर काढलेला नाही, तोपर्यंत कुठलंही रसायन ओतून उपयोग नाही. वाट गाळाने बंद असेल तर रसायन तिथे पोचतच नाही. ते मोकळ्या वाटेने फिरतं, जिथे आधीच बरं आहे तिथलं लोखंड चमकवतं, आणि जिथे खरा त्रास आहे ती जागा होती तशीच राहते.

ही जागा कुठली ते आधी समजून घ्या. पाण्याचा पंप पुढे, फॅनच्या बाजूला. पाणी पुढून ब्लॉकमध्ये शिरतं, सिलिंडरांच्या भोवतीने मागे जातं आणि हेड गॅस्केटच्या (ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पातळ पत्तीच्या) भोकांतून वर हेडमध्ये चढतं. पंपापासून सगळ्यात लांब चौथा सिलिंडर, म्हणजे पाण्याचा वेग तिथे सगळ्यात कमी. वेग कमी झाला की पाण्यात तरंगणारं जड ते खाली बसतं. म्हणून गाळाचा थर नेहमी मागच्या सिलिंडरांच्या बुडाशी सापडतो. बुडाशी बसलेला हा थर पाण्याला लोखंडाला शिवूच देत नाही. तापमानाचा काटा मधेच असतो आणि चौथ्या सिलिंडरची भिंत मात्र तापून निघते. मग पिस्टन घासतो, नाहीतर हेड गॅस्केट मागच्या बाजूनेच उडतं. एकाच इंजिनाचं गॅस्केट पुन्हा पुन्हा त्याच जागी उडत असेल तर हेडला फेसिंग करून (मशीनवर तोंड सपाट करून) घेण्याआधी ब्लॉकच्या त्या कोपऱ्यात तार घालून बघावी, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

या गाळात नुसता गंज नसतो. कारखान्यात ब्लॉक ओतताना आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा वापरतात. ती वाळू नंतर झाडून काढतात, तरी कोपऱ्यात थोडी राहते. कधी गाभ्याला आधार देणारी तारही राहते. शिवाय जुन्या गॅस्केटचे तुकडे, कोणीतरी बोटाने थापलेलं सिलिकॉन, गळती थांबवायला ओतलेली पावडर. आणि हळद. रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद टाकायची ही आपल्याकडची जुनी युक्ती. टॅक्सीच्या धंद्यात असलेल्या गाडीने ती हमखास पाहिलेली असते. हळद भोक बुजवते हे खरं, पण उरलेली जाते कुठे? मागच्या सिलिंडरच्या बुडाशी, गंजाबरोबर बसायला.

आता ॲसिडबद्दल. बाथरूमचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. गंज ते नक्की खातं, पण गंज संपल्यावर थांबत नाही, चांगलं लोखंडही खातं. जिथे भिंत आतून आधीच खड्डे पडून पातळ झाली आहे, तिथे एवढ्यानेही आरपार भोक पडू शकतं. त्याचे क्षार ओतीव लोखंडाच्या बारीक छिद्रांत अडकून राहतात आणि पुढे आतून पुन्हा गंज चढवतात. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यावर हे ॲसिड पडलं तर काय होतं ते बघायची वेळ कोणावर येऊ नये. आणि बंद पार्किंगमध्ये त्याची वाफ फिरली की तुमची हत्यारंच काय, शेजारच्या स्कूटरचा क्रोमही दोन दिवसांत तांबूस होतो.

कामाला लागण्याआधी ऑइलच्या वाटा बंद करा. ब्लॉकमध्ये पाण्याच्या आणि ऑइलच्या वाटा शेजारी शेजारी असतात, आणि वरच्या तोंडाशी दोन्हींची भोकं एकमेकांपासून बोटभर अंतरावर उघडतात. गंजाची बारीक पूड ऑइलच्या वाटेत गेली तर नव्या बेअरिंगांचं आयुष्य तिथेच संपलं. कापडाचे बोळे कोंबू नका, त्याचे धागे आत राहतात. रबराचे बूच किंवा मोजून कापलेल्या लाकडाच्या खुंट्या घाला, बाहेर लोंबतील अशा, म्हणजे विसरणार नाहीत. चारही बोअरना आतून ग्रीसचा जाड थर द्या.

मग ब्लॉकच्या बाजूचा पाणी सोडायचा नळ उघडा. बहुतेक वेळा काहीच येत नाही. जुना मेकॅनिक नळ फिरवतो, पाणी आलं नाही की ‘ब्लॉक रिकामा आहे’ म्हणतो आणि पुढे जातो. नळ पूर्ण काढून त्या भोकात तार घाला. आधी दगडासारखं लागतं, मग एकदम तार आत जाते आणि काळपट तांबडं पाणी सुटतं.

आता कोर प्लग, म्हणजे ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल वाट्या. मागच्या तोंडावर, फ्लायव्हीलच्या आडही एखादा असू शकतो, तो नीट शोधा. इंजिन उतरवलेलंच आहे तर तो सोडू नका. गाडीत बसल्यावर तिथे हात जात नाही. वाटीच्या एका कडेला बोथट पंच ठेवून हातोडीने बेताने ठोका. एक कड आत गेली की दुसरी बाहेर येते, ती पकडीत धरून ओढून काढा. मधोमध जोरात ठोकू नका, कारण प्लगच्या मागे थोड्याच अंतरावर सिलिंडरची भिंत आहे, आणि प्लग आत पडला तर तो काढताना अख्खा दिवस जातो. प्लग सपाट बशीच्या आकाराचा असेल तर मधे भोक पाडून, त्यात स्क्रू घालून बाहेर ओढा. सगळे प्लग नवेच घालायचे आहेत, जुने वाचवायचा प्रयत्न करू नका.

प्लग निघाले की टॉर्च मारून आत बघा. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा मिळतो, तो या कामाला फार उपयोगी. पुढच्या सिलिंडरभोवती नुसता तांबडा थर दिसेल. मागे जाल तसा तो जाड होत जातो, आणि चौथ्याच्या मागे भाजलेल्या विटेसारखी तपकिरी, घट्ट वडी दिसेल. तिच्यात टॉर्चच्या उजेडात चमकणारे बारीक कण दिसले तर ती ओतकामाची वाळू.

ही वडी फोडायला दुकानात खास हत्यार मिळत नाही. सायकलचा स्पोक घ्या, त्याचं टोक काटकोनात अर्ध्या इंचाहून कमी वाकवा आणि कानशीने चपटं करा. दुसऱ्या स्पोकला लांबट बाक द्या, म्हणजे सिलिंडरच्या मागून वळसा घेऊन पोचेल. तिसरा सरळ ठेवा, वरून गॅस्केटच्या भोकांतून घालायला. टोचा, खरवडा, ओढा. ब्लॉक स्टँडवर उलटासुलटा करून मोकळं झालेलं खाली पडू द्या. बाहेरून रबरी हातोडीने ब्लॉकवर हलके ठोके देत राहिलात तर खपल्या सुटतात.

कान देऊन काम करा. गाळाला स्पोक लागला की आवाज भरड आणि मेलेला येतो, बोटांना रेती घासल्यागत लागते. लोखंडाला लागला की टोक निसटतं आणि टणक, स्वच्छ आवाज येतो. दिसत नाही त्या जागी हा आवाजच सांगतो की पोचलात की नाही.

मोठं मोठं निघालं की ब्रेकची जुनी केबल घ्या, मोटरसायकलची चालेल. वीतभर तुकडा कापा, एका टोकाचे इंचभर पेड उसवून पसरा, दुसरं टोक ड्रिलमध्ये धरा. टोक आत घातल्यावरच ड्रिल सुरू करा आणि बाहेर काढायच्या आधी बंद करा. फिरती केबल बाहेर आली तर चाबकासारखी हातावर बसते. वेग कमी ठेवा, डोळ्यांवर गॉगल हवाच, हातात ढिले मोजे नकोत. एका ब्लॉकला अशा बऱ्याच केबली संपतात, ते गृहीत धरा. तुटलेले पेड आत राहतात, म्हणून दर थोड्या वेळाने दांडीचं लोहचुंबक आत फिरवून घ्या.

मग पाणी आणि हवा आलटून पालटून. होज पाइपने एका भोकातून पाणी मारा, बाकीची उघडी ठेवा. मग दुसरं भोक. पाणी नेहमीच्या उलट्या दिशेने, म्हणजे वरून आणि मागून मारा, पुढच्या पंपाच्या भोकातून बाहेर पडू द्या. कॉम्प्रेसरची हवा मारताना तोंड बाजूला ठेवा. खाली बादली, बादलीवर गाळणीचं कापड. दर वेळी काय पडतं ते बघा. खपल्या आणि वाळू यायची थांबली, नुसतं तांबूस पाणी यायला लागलं, की हाताचं काम संपत आलं. या कामाला पूर्ण दिवस द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

आता रसायन. मी सायट्रिक ॲसिड वापरतो, ज्याला वाण्याकडे लिंबूफूल म्हणून मागतात. मोठ्या प्रमाणात हवं तर प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलवाल्यांकडे किलोवर मिळतं. ते गंजातलं लोखंड विरघळवतं आणि पाण्यातच धरून ठेवतं, परत कुठे बसू देत नाही. धातूवरही काम करतं, पण इतक्या सावकाश की तुम्हाला थांबायला वेळ मिळतो. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम पुरे, थर जाड असेल तर १०० ग्रॅम. पाणी ५० ते ६० अंश गरम असेल तर काम बरंच लवकर होतं.

कोर प्लगची भोकं रबरी बुचांनी, नट आवळला की फुगणारी मिळतात त्यांनी, बंद करा. पंपाच्या भोकावर रबर शीट घालून पत्रा आवळा. वरून नरसाळ्याने द्रावण ओता, वरच्या भोकांत दिसेपर्यंत. थोडा फेस येईल, बारीक बुडबुडे निघतील. हा हायड्रोजन आहे, म्हणून जागा उघडी हवी आणि जवळ कोणी विडी-सिगारेट ओढायची नाही. पाच-सहा तासांनी किंवा संध्याकाळी ओतलं तर सकाळी काढा. द्रावण गर्द हिरवट-काळं झालेलं असेल. बुचं काढा, पुन्हा केबल फिरवा, पाणी मारा, दुसरी फेरी भरा. दोन फेऱ्यांत बहुतेक ब्लॉकचं राखाडी लोखंड दिसायला लागतं. दिवसेंदिवस भरून ठेवू नका, आणि ॲल्युमिनियमच्या हेडवर हे द्रावण वापरू नका.

शेवटच्या फेरीनंतर धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून आत फिरवा, लिटरला मोठा चमचाभर, म्हणजे उरलेलं ॲसिड मरतं. नंतर साध्या पाण्याने भरपूर धुवा. इथून पुढे घाई करा. उघडं पडलेलं लोखंड ओलं राहिलं तर तासाभरात केशरी दिसायला लागतं, आणि जुलैच्या मुंबईत तर तुमच्या डोळ्यांदेखत. गरम पाण्याची शेवटची धार मारा म्हणजे ब्लॉक स्वतःच्याच उष्णतेने सुकतो, लगेच हवा मारा आणि आत पातळ तेल फवारा. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर काढा.

दुसरे रस्ते आहेत, तेही सांगतो. ब्लॉक पूर्ण सुटा असेल तर मशीन शॉपमध्ये कॉस्टिकच्या गरम टाकीत उकळून देतात. ग्रीस, हळद, रंग, जुनं सिलिकॉन यांना तो उत्तम उपाय, गंजाला मात्र फारसा हात लावत नाही. कॅमचे बुश आधी काढून घ्या आणि ॲल्युमिनियमचा एकही भाग टाकीत जाऊ देऊ नका, कॉस्टिक त्याला खाऊन टाकतं. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढायची पद्धत बाहेरच्या पृष्ठभागाला फार छान, पण ती इलेक्ट्रोडच्या समोर असेल तेवढ्याच जागेवर काम करते. सिलिंडरच्या मागच्या वळणावर तिचा जोर पोचत नाही. तरी कोणी करणार असेल तर ब्लॉक निगेटिव्हला, साध्या लोखंडाची सळई पॉझिटिव्हला, आणि स्टेनलेस स्टील अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. उसाच्या मळीच्या पाण्यातही गंज सुटतो, पण त्याला आठवडे लागतात आणि सोसायटीत तो वास कोणी सहन करणार नाही.

धुतलेलं पाणी आणि गाळ पार्किंगच्या गटारात सोडू नका. सायट्रिकचं द्रावण सोड्याने शांत करून, गाळ कापडावर अडवून वेगळा टाका. जुनं कूलंट निघालं असेल तर ते बंद कॅनमध्ये भरा. चवीला गोड असतं आणि कुत्री-मांजरी ते चाटून मरतात.

ब्लॉक साफ झाला म्हणून लगेच बांधायला घेऊ नका. गंज काढल्यावर कधी कधी असं कळतं की भोक होतंच, गंजानेच ते बुजवलं होतं. मशीन शॉपमध्ये पाण्याच्या सगळ्या वाटा बंद करून, हवा भरून, ब्लॉक पाण्यात बुडवून प्रेशर टेस्ट करून घ्या. बुडबुडा बोअरच्या आतून येतोय की बाहेरून, ते स्वतः उभं राहून बघा. बोअरमधून येत असेल तर स्लीव्ह, म्हणजे आतून बसवायची लोखंडी नळी, घालावी लागेल. हे कसाऱ्याच्या चढावर कळण्यापेक्षा टाकीत कळलेलं बरं.

ऑइलच्या वाटांतली बुचं आता काढा. पण बुचं होती म्हणून त्या वाटा स्वच्छ राहिल्या असं धरून चालू नका. त्यांचे टोकाचे प्लग काढून लांब ब्रश आणि रॉकेल किंवा डिझेलने आरपार साफ करा, हवा मारा, पांढरं कापड ओढून बघा. कापडावर तांबडं दिसलं तर परत.

नवे कोर प्लग पितळेचे मिळाले तर तेच घ्या, ते गंजत नाहीत. नागदेवीला किंवा ऑपेरा हाऊसच्या स्पेअरवाल्यांकडे जुना नमुना नेऊन मापाने घ्या, नुसतं गाडीचं नाव सांगून नको. बसायची खाच एमरीने स्वच्छ करा, सीलंटचा पातळ थर द्या आणि वाटीच्या आत मावेल अशा सॉकेटने सरळ ठोकून बसवा. तिरका बसला तर ओढून टाका, दुसरा घाला. हेड गॅस्केटची भोकं ब्लॉकच्या भोकांपेक्षा लहान दिसली तर ती कापून मोठी करू नका. अनेक इंजिनांत पुढची भोकं मुद्दाम लहान ठेवलेली असतात, म्हणजे पाणी आधी मागेपर्यंत जावं. ती मोठी केलीत की पाणी पुढूनच वर चढेल आणि चौथा सिलिंडर पुन्हा कोरडा.

रेडिएटर वेगळा साफ करून घ्या, आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) नवा घाला. काढून फेकू नका. मुंबईत गरम होतं म्हणून थर्मोस्टॅटच नको, ही समजूत चुकीची आहे. तो नसला तर इंजिन बराच वेळ थंडच चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं.

राहिलं पाणी. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं अजूनही ऐकू येतं. मुंबईत कूलंट गोठण्यासाठी नकोच आहे, त्यातल्या गंजरोधकासाठी हवं आहे. शिवाय अर्ध्या-अर्ध्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या पाण्यापेक्षा सात-आठ अंश वर जातो. तुळशी, विहार, तानसा, भातसाचं महापालिकेचं पाणी तसं मऊ आहे, पण त्यात क्लोरीन आहे आणि विरघळलेला ऑक्सिजन आहे. नुसत्या त्या पाण्यावर ओतीव लोखंड गंजणारच. टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी तर अजिबात नको, त्यात क्षार असतात आणि समुद्राजवळच्या बोअरवेलला मीठही. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घ्या, डब्यावर आय एस ५७५९ लिहिलेलं कूलंट घ्या, अर्ध्याला अर्धं मिसळा. पैसे वाचवायचेच असतील तरी कूलंटचं प्रमाण एक तृतीयांशाखाली नेऊ नका. हिरवं आणि लाल एकत्र करू नका. साधं हिरवं कूलंट दोन वर्षांनी बदला, पातळी बरोबर असली तरी, कारण गंजरोधक संपलेला डोळ्यांना दिसत नाही.

ज्यांचं इंजिन गाडीतच आहे आणि उघडायचं नाही, त्यांना एवढंच सांगतो: फ्लश करताना रेडिएटरचे दोन्ही होज आधी सोडा, थर्मोस्टॅट काढा, ब्लॉकचा नळ पूर्ण काढून तार घाला आणि वरून उलटं पाणी मारा. होज न सोडता रसायन घालून गाडी चालवलीत तर ब्लॉकमधला गाळ थेट रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसेल.

तुमची गाडी सुरू झाली की पहिले काही दिवस वरच्या होजच्या रेडिएटरकडच्या तोंडात जुन्या नायलॉनच्या पायमोज्याचा तुकडा गाळणीसारखा लावा, होजच्या क्लँपखाली घट्ट धरून. गाडी थोडी थोडीच फिरवा, काट्यावर नजर ठेवा, दर वेळी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर तो काढून बघा, कारण तो भरला तर पाण्याची वाटच बंद करेल. त्यावर काही यायचं थांबलं की काढून टाका. नंतर गाडी तापलेली असताना इन्फ्रारेड थर्मामीटरने ब्लॉकची बाजू पहिल्या सिलिंडरपासून चौथ्यापर्यंत मोजा आणि आकडे लिहून ठेवा. चौथ्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा ठळक वर असेल तर मागच्या बुडाशी अजून काहीतरी शिल्लक आहे. मला ते चार आकडे कळवा, मग कुठला प्लग आधी काढायचा ते सांगतो.